डब्यातली खिरापत

“डबा संपला का?” दवाखान्यातल्या बिडवई मॅडमनी विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत आत्याबाईंनी उत्तर देऊन टाकलं. “केवाचाच! महिन्याचा म्हनत होते, आठ दिवस नाई पुरला.”

मॅडमनी रिपोर्टवरची नजर काढून माझ्यावर ठेवली. “रत्नमालाताई, महिन्याचा डबा तुम्ही आठ दिवसांत प्यायलात?”

“हे कायले पेते?” आत्याबाई हसल्या. “हिच्या पोटात घोटभर जाते अन् लगेच ओकारी येते म्हनते. भेटाले आलेल्या लोकाईले देला मी. येवढं चॉकलेटचं दूध घरात असताना मानसाले कोरा च्या पाजाव का?”

मॅडमनी हातातला पेन खाली ठेवला. मी भिंतीवरच्या तक्त्याकडे बघू लागले. त्या तक्त्यावर पोटाचं चित्र होतं, आणि ऑपरेशननंतर उरलेलं पोट लाल रंगात दाखवलेलं होतं, केळाएवढं. माझंही तेवढंच उरलं होतं. दोन महिन्यांपूर्वी अकोल्याच्या याच दवाखान्यात माझं वजन कमी करायचं ऑपरेशन झालं होतं. साखर आटोक्यात येत नव्हती आणि गुडघे तर असे गेले होते, की माझ्याच चक्कीच्या दोन पायऱ्या मला बसून चढाव्या लागत. मूर्तिजापूरजवळच्या आमच्या गावात पिठाची चक्की मी चालवते, हे आधीच सांगून टाकते. माझे मालक दिगांबर एसटीत कंडक्टर. चक्की माझी एकटीची. ऑपरेशन झालं त्या दिवसापासून ती बंद होती.

आत्याबाई म्हणजे माझी सासू. अंगानं काडी, आवाजानं घंटा. दवाखान्यात माझ्यासोबत यायचा मान त्या कुणालाही देत नसत.

“बरं, आणि त्या व्हिटॅमिनच्या चघळायच्या गोळ्या?” मॅडमनी सावध आवाजात विचारलं.

“संत्र्याच्या? त्याही सरल्या. द्वारकाबाईचे हात दुखतात, तिले देल्या. तिच्या बहिनीले चक्कर येते, तिले देल्या.”

“लहान मुलांना?”

“नाई, पोराईले नाई देल्या. पोराईले कायले देऊ? औषध हाये ते.”

“आजी,” मॅडम म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज आता कडक झाला होता, “औषध मोठ्यांनाही वाटायचं नसतं. आणि डबाही वाटायचा नसतो. हिचं पोट एवढंसं केलंय. तुम्ही-आम्ही ताटभर जेवून जे मिळवतो ते हिला चार घासांत मिळत नाही, म्हणून ही प्रोटीनची पावडर वरून द्यावी लागते. हे बघा.” त्यांनी माझी वेणी हळूच उचलून दाखवली. वेणी कसली, शेपूट राहिलं होतं. “केस जातायत. रक्तात प्रोटीन कमी आहे. डबा आणलाय का सोबत? कोणता घेतला होता?”

डबा आणला होता. आत्याबाईंनी पिशवीतून काढून टेबलावर ठेवला. काळा, भलामोठा, वर सोनेरी अक्षरं आणि दंडाच्या बेडक्या फुगवलेला उघडा पैलवान. मॅडमनी झाकण उघडलं तर आत आमची दुपारची शिदोरी, ज्वारीची भाकर आणि ठेचा.

मॅडमनी झाकण लावलं, डबा फिरवून मागचं बारीक लिहिलेलं वाचलं, आणि वाचता वाचता त्यांचे खांदे हलायला लागले. “अहो, हा वजन वाढवायचा डबा आहे! जिममधल्या काटकुळ्या मुलांसाठी. यात प्रोटीन कमी आणि साखरच जास्त. कोणी दिला?”

दवाखान्यासमोरच्या दुकानदारानं दिला होता. यांनी “सगळ्यात भारी द्या” म्हटलं आणि त्यानं सगळ्यात महाग दिला. एवढी साधी गोष्ट.

मी ओशाळले, पण आत्याबाई खुर्चीत अशा ताठ बसल्या, की जणू खटला जिंकल्या. “पाय! बरं झालं का नाई वाटला तो? हे पेली असती तं ऑपरेशन वाया गेलं असतं.” मग एकदम त्यांना काहीतरी आठवलं. “अवं माय! म्हनूनच द्वारकाबाईचं पोलकं दाटून रायलं!”

मग मात्र मॅडम उघड हसल्या. बाहेरची नर्स आत डोकावून गेली.

हसणं झाल्यावर त्यांनी मला नीट समजावलं. ते मला आजही पाठ आहे, कारण नंतर कितीतरी जणींना मी तेच सांगत आले. डब्यावरचं चित्र बघायचं नाही, मागचं लिहिलेलं बघायचं. एका चमच्यात प्रोटीन किती आणि साखर किती ते आधी वाचायचं. डबा केवढ्याला हे विचारायचं नाही, दिवसाला केवढ्याला पडतो हे काढायचं. चॉकलेट-व्हॅनिला कशाला, बिनवासाची, बिनसाखरेची साधी पावडर घ्यायची, ती निम्म्यात येते. आणि गोळ्या सरकारी स्वस्त दुकानातूनही चालतील, फक्त आधी आणून दाखवायच्या, आतलं औषध त्यांनी लिहून दिलेलंच पाहिजे. लोहाची आणि कॅल्शियमची एकाच वेळी घ्यायची नाही, मध्ये दोन तास जाऊ द्यायचे. घरातलंही मोजायचं. दही, डाळी, फुटाण्याचं पीठ, खात असाल तर अंडं. पण घरातलं आहे म्हणून पावडर सोडायची नाही.

“आणि हे ऐका,” त्या म्हणाल्या, “पुढच्या महिन्यात पुन्हा रक्त तपासू. प्रोटीन वर आलं नाही तर इथं भरती करून शिरेतून द्यावं लागेल. चक्की कधी सुरू करायची विचारत होतात ना? ते त्या रिपोर्टवर.”

आषाढापासून बंद असलेली चक्की. गिऱ्हाइकं दळणं घेऊन फाट्यावरच्या नव्या चक्कीवर जायला लागली होती. आणखी महिनाभर बंद राहिली असती तर ती परत आली नसती. पण त्याहून मोठं सांगायचं तर, पट्टा फिरायला लागला की माझ्या अंगात जे चढतं ना, त्याच्याविना मला घरात करमत नव्हतं. पायलीभर ज्वारी उचलून वर ओतायची ताकद तेवढी मला परत हवी होती. बस.

“आजी, वचन द्या,” मॅडम म्हणाल्या. “नवा डबा फक्त हिचा.”

आत्याबाईंनी मान डोलावली. पण परतीच्या एसटीत मूर्तिजापूर येईपर्यंत त्या एक शब्द बोलल्या नाहीत. एरवी कंडक्टरच्या लेकराबाळांची चौकशी केल्याशिवाय त्यांचा प्रवास होत नसे. मला वाटलं, बोलणं लागलं त्यांना.

नवा डबा पांढरा, साधा, वर चित्र नाही. यांनी या वेळी दुकानदाराला एकही शब्द बोलू न देता मागचं वाचलं आणि घेऊन आले. गोळ्याही आणल्या, मॅडमना दाखवल्या. आता प्रश्न माझ्या जिभेचा होता. ऑपरेशननंतर माझी चव पार बदलून गेली होती. दुधात घातली तर पावडरचा वास नाकात बसे. पेजेत घातली तर गुठळ्या. शेवटी एके दिवशी ताकात घातली, जिरं भरडून, किंचित मीठ टाकून, आणि पहिला घोट पोटात गेला तो गेलाच. परत आला नाही. मी चुलीपाशीच नाचायच्या बेतात होते.

“आत्याबाई! ऱ्हायलं!”

आत्याबाई धावत आल्या. आनंदानं त्यांचे डोळे भरले. आणि मग त्यांनी एक विचित्र गोष्ट केली. दार लावलं, खिडकी लावली आणि माझ्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या.

त्या दिवसापासून तोच नेम. मी पेला हातात घेतला, की घराची दारं बंद. कुणी आलं तर आत्याबाई उंबऱ्यावर उभ्या राहून वाटेला लावत. ज्या बाईनं आयुष्यात दारावरच्या भिकाऱ्यालाही बसवून जेवू घातलं, ती आता शेजारणीला म्हणू लागली, “रत्ना झोपली हाये, मंग ये.” आमच्या गावात आजारी माणसाला भेटायला जाणं म्हणजे कर्तव्य. केळी घेऊन यायचं, बिस्किटाचा पुडा ठेवायचा, आणि तासभर बसून दुसऱ्या कुणाच्या आजाराच्या गोष्टी सांगायच्या. तेच बंद झालं. शेजारची द्वारकाबाई तर रस्त्यातून ओरडून गेली, “काहून वं पार्वताबाई, चॉकलेटचं दूध सरलं तं घरात घेनंही सोडलं काय?”

आत्याबाईंनी सरळ दार लावून घेतलं. द्वारकाबाईच्या तोंडावर दार! तेव्हा मला कळलं, की हे काहीतरी वेगळं आहे.

त्याच दुपारी मी ताकाचा पेला हातात घेतला. आत्याबाईंनी खिडकीची कडी घातली. कडी लागली, तरी ती पुन्हा पुन्हा ओढून बघत राहिल्या.

मी पेला खाली ठेवला. “आत्याबाई, काय होऊन रायलं तुम्हाले?”

“काई नाई. तू पे.”

“तुम्ही सांगतल्याशिवाय मी पेत नाई.”

ही धमकी लागू पडली. त्या खाली बसल्या, पदर तोंडावर घेतला, काढला. मग भिंतीकडे बघत बोलल्या.

“दिग्याच्या आंधी मले पोरगी झाली होती.”

मला हे ठाऊक नव्हतं. या घरात येऊन मला सोळा-सतरा वर्षं झाली होती, आणि यांनासुद्धा ठाऊक नव्हतं.

“माह्या मायनं बाळंतपनाचे लाडू धाडले. डिंकाचे. घरात चार जावा, धा-बारा पोरं. माय म्हने, वाटत बसू नको, तुह्या दुधासाठी हायेत, एकटीनं खाजो. म्या दुपारी कोठीचं दार लावून खाव. एक पोरगं फटीतून पाहे.” त्या थांबल्या. “सव्वा महिन्याची नाई झाली पोरगी. थंडीनं गेली म्हने डॉक्टर. पन माही सासू म्हने, एकटीनं खाल्लं, पोराईची नजर लागली. तवापासून म्या एकटीनं काई खाल्लं नाई, रत्ना. हातावर आलं का पयले दुसऱ्याच्या हातावर ठेवतो. तो काळा डबा… मले ठाऊक होतं तुह्या औषधाचा हाये ते. पन सगय्याईच्या तोंडात घोट गेला, तं तुले कोनाची नजर लागनार नाई, असं वाटे मले. आता वचन देलं. देलं तं पाळतो, पन जीव थाऱ्यावर नाई.”

मी इतकी वर्षं बघत आले होते. भाकरीचा पहिला तुकडा त्या यांच्या ताटात टाकायच्या, चहाचा पहिला घोट बशीत ओतून माझ्याकडे सारायच्या. बाजारातून दोन जिलब्या आणल्या तर दोन्ही वाटून टाकायच्या. मला वाटायचं, हातच सढळ. त्या कधीही न पाहिलेल्या आजेसासूचा मला असा राग आला, की ती समोर असती तर मी तिला चक्कीत घातली असती. आणि आत्याबाईंची अशी माया आली, की मी उठून त्यांना मिठी मारली. सासूला मिठी मारायची आमच्याकडे पद्धत नाही. त्या गोंधळल्या, मग माझ्या पाठीवर हात ठेवून बसून राहिल्या.

“डॉक्टर खरं बोलला होता,” मी म्हटलं. “थंडीनंच गेली ती. लाडवानं नाई गेली.”

“मले समजते वं,” त्या म्हणाल्या. “डोक्याले समजते.”

डोक्याला समजलेलं हाताला समजायला वेळ लागतो, हे मला माझ्या भुकेवरून चांगलं ठाऊक होतं. त्यामुळे मी वाद घातला नाही. मी खिडकी उघडली. बाहेर पोरी टिपऱ्या घेऊन चालल्या होत्या. भुलाबाई सुरू झाली होती.

भुलाबाई म्हणजे भाद्रपदाच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत आमच्या वऱ्हाडातल्या पोरींचं राज्य. मातीच्या भुलाबाई आणि भुलोजी मांडायचे, रोज संध्याकाळी गाणी म्हणायची, टिपऱ्या खेळायच्या, आणि शेवटी खिरापत. ही खिरापत सरळ हातावर मिळत नाही. झाकलेल्या डब्यात असते. पोरींनी डबा हलवायचा, कानाला लावायचा आणि आत काय ते ओळखायचं. ओळखेपर्यंत झाकण उघडत नाही.

“आत्याबाई,” मी म्हटलं, “यंदा गल्लीची भुलाबाई आपल्या ओट्यावर मांडू.”

“आपल्या?”

“चक्कीच्या ओट्यावर. जागा रिकामीच हाये. रोज सांजेले सगळ्या पोरी येतीन, बाया येतीन. त्याईच्या तोंडात खिरापत अन् माह्या तोंडात ताक. मी एकटी कुठं खाऊन रायली मंग?”

आत्याबाई माझ्याकडे बघत राहिल्या. हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर ते ओळखीचं, खोडकर हसू आलं. “पन डब्यातलं कोनाले देनार नाई हां. वचन हाये माहं.”

“चमचाभरही नाई.”

मग काय विचारता! बंद पडलेल्या चक्कीच्या ओट्यावर अशी गर्दी झाली, की दळणाच्या दिवसांतही होत नसे. आत्याबाई सकाळपासून खिरापतीच्या तयारीला लागत. मॅडमनी सांगितलेलं सगळं त्यांनी खिरापतीत घुसवलं. एक दिवस खारे फुटाणे, एक दिवस मोडाच्या मटकीची उसळ, एक दिवस उकडलेले शेंगदाणे, कधी मुगाची धिरडी. गल्लीतल्या पोरी धिप्पाड झाल्या तर त्याला आत्याबाई जबाबदार आहेत. मीही त्यातलं वाटीभर सावकाश चावून खाई, आणि थोड्या वेळानं माझा पेला घेऊन पायरीवर बसे. घोट घोट, घाई नाही.

पोरींना आता दुसराच खेळ सापडला. डब्यातली खिरापत ओळखून झाली, की त्या माझ्या पेल्याकडे वळत.

“काकूच्या पेल्यात काय?”

“चुना!”

“पांढरं पेंट!”

“नाई, काकू पीठ पेते! चक्कीवाली हाये नं!”

हसून हसून माझं ताक सांडायची वेळ येई. द्वारकाबाई दोन दिवस रुसून घरी बसली, तिसऱ्या दिवशी मटकीचा वास तिच्या अंगणापर्यंत गेला आणि ती वाटी घेऊनच आली. “माह्या पोलक्याचं काय करतं सांग,” म्हणत ती आत्याबाईंच्या शेजारी बसली. दोघी पुन्हा गुळपीठ.

मी मात्र आत्याबाईंकडे लक्ष ठेवून होते. पहिल्या संध्याकाळी मी पेला तोंडाला लावला, तेव्हा त्या चुलीपाशी निघून गेल्या. पुढे पुढे त्या दारातून बघू लागल्या. मग एक दिवस त्यांनी स्वतःच पेला आणून माझ्या हातात दिला, सगळ्यांसमोर, आणि म्हणाल्या, “पे लवकर, गरम होते ते.” ताक होतं ते, गरम कसलं होणार! पण मी मुकाट्यानं प्यायले.

दसऱ्याला आम्ही चक्कीची पूजा केली. झेंडूचा हार घातला, हळदकुंकू लावलं, पण बटन दाबलं नाही. रिपोर्टशिवाय दाबायचं नाही, असं मी स्वतःला बजावलं होतं. यांनी हळूच विचारलं, “एकदा फिरवून पायतं का, रिकामी?” मी नाही म्हटलं. हार वाऱ्यावर हलत होता आणि मला रडू येत होतं, खोटं कशाला सांगू.

कोजागिरीच्या आधी दोन दिवस आम्ही अकोल्याला गेलो. रक्त दिलं, रिपोर्टसाठी थांबलो, दवाखान्याच्या बाकावर दोघी सासूसुना एकमेकींचा हात धरून बसलो. आत गेल्यावर बिडवई मॅडमनी कागद वाचला, पुन्हा एकदा वाचला.

“डबा कोणी प्यायला या वेळी?” त्यांनी विचारलं.

“हिनं,” आत्याबाई म्हणाल्या.

“सगळा?”

“तळाशी दोन चमचे हायेत. तेही हेच पेनार हाये.”

मॅडम उठून टेबलाला वळसा घालून आल्या आणि त्यांनी माझ्या खांद्यावर थाप मारली. “भरती-बिरती काही नाही. प्रोटीन वर आलंय. असंच चालू ठेवा, पुढचा डबा सुरू करा, गोळ्या सोडू नका. आणि चक्कीचं बटन दाबा, पण पोती उचलायला नवऱ्याला लावा अजून काही दिवस.”

परतीच्या एसटीत आत्याबाईंनी कंडक्टरच्या चारही लेकरांची नावं विचारून घेतली.

घरी पोचल्यावर मी यांना बाजारातून एक सामान आणायला सांगितलं, आणि कशाला म्हणून विचारायचं नाही असंही सांगितलं.

कोजागिरीच्या सकाळी मी चक्कीच्या दोन पायऱ्या चढले. उभ्यानं चढले. बटन दाबलं. पट्टा फिरला, ओटा थरथरला, आणि तो जुना, भरड, प्रेमाचा आवाज गल्लीभर गेला. पहिली आली द्वारकाबाई, डोक्यावर ज्वारी घेऊन. तिची पायली मी दोन्ही हातांनी उचलून वर ओतली. खालून आत्याबाई हळू उचल म्हणून ओरडत होत्या, “हयू! हयू!” आणि मी पिठानं पांढरी होऊन हसत होते.

दुपारी आत्याबाई माझ्याजवळ येऊन कानात बोलल्या. “आज रातची खिरापत मी आननार. तुहा पांढरा डबा धुऊन दे. आज सरला नं तो?”

“सकाळीच सरला. पन खिरापत काय?”

“काईच नाई,” त्या गालातल्या गालात हसल्या. “रिकामाच आननार. पोरी ओळखू ओळखू थकतीन, मंग उघडून दाखवीन. म्हनीन, पाहा, माह्या सुनेनं एकटीनं सरवला. सगय्याईसमोर म्हनीन.”

मी डबा धुतला, पुसला, झाकण घट्ट लावून त्यांच्या हातात दिला.

संध्याकाळी ज्वारीच्या धांड्यांचा, ताटांचा मांडव उभा राहिला, त्याच्याखाली भुलाबाई सजल्या. चुलीवर दुधाची कढई चढली. चंद्र समोरच्या कौलांवर आला तेव्हा गाणी संपली आणि पोरी “खिरापत, खिरापत” करत बसल्या. आत्याबाई पदराखाली डबा घेऊन ओट्यावर आल्या.

पोरींनी डबा हलवला. आवाज नाही.

“शिरा!”

“नाई.”

“दहीभात!”

“नाई.”

“पुरण! साखरभात! खवा! बासुंदी!”

आत्याबाई प्रत्येक नावाला मान हलवत होत्या आणि हसू दाबून लाल झाल्या होत्या. द्वारकाबाईनं डबा कानाला लावला, नाकाला लावला आणि हार मानली. “हरलो बाई. उघड.”

आत्याबाई उभ्या राहिल्या. मोठ्या सभेत भाषण करायचं असावं तसा त्यांनी घसा साफ केला. “काईच नाई यात! रिकामा हाये! माह्या रत्नानं एकटीनं…” असं म्हणत त्यांनी झाकण काढलं आणि डबा सगळ्यांसमोर उलटा केला.

आतून मऊ कापडाची एक पुरचुंडी त्यांच्या हातावर पडली.

त्या बघतच राहिल्या. कापड उलगडलं. आत एक लाडू होता, तळहातात मावेल एवढा. त्यांनी तो नाकाशी नेला, आणि त्यांचं हसू विरलं. डिंकाचा वास त्यांनी लगेच ओळखला.

“हा कोनाचा?” त्यांनी हळूच विचारलं.

“तुमचा,” मी म्हटलं. “एकटीचा.”

द्वारकाबाईला मी दुपारीच सगळं सांगून ठेवलं होतं, आणि आज आत्याबाईंकडून काही घ्यायचं नाही, असं तिनं पोरींना बजावलं होतं. आत्याबाईंनी सवयीनं लाडू मोडला आणि पहिला तुकडा माझ्याकडे केला.

“मले गूळ चालत नाई आत्याबाई. मॅडमनं मना केलं हाये.”

त्यांनी तो द्वारकाबाईकडे केला. द्वारकाबाईनं दोन्ही हात पाठीमागे नेले. “माहं पोलकं आंधीच टाइट हाये.”

पोरींकडे वळल्या, तर पोरींनी दुधाचे पेले तोंडाला लावलेले.

आत्याबाईंनी एकदा घराच्या दाराकडे बघितलं. दार सताड उघडं होतं. मग त्या ओट्याच्या मधोमध बसल्या, भर चांदण्यात, सगळ्यांच्या नजरा अंगावर घेऊन, आणि तुकडा तोंडात घातला. सावकाश चावला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसलं नाही. दुसरा तुकडा खाल्ला. तिसरा खाल्ला. हाताला लागलेला चुराही चाटून पुसून खाल्ला. माझ्या लग्नानंतर त्यांना एकटीनं काही खाताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

“डिंक कमी तळला हाये,” त्या म्हणाल्या. “कोनं केला?”

“मी.”

“मंग बरा हाये.”

पदरानं तोंड पुसून त्यांनी रिकाम्या डब्यात डोकावून बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि अगदी लहान पोरीसारख्या विचारत्या झाल्या, “अजून एक हाये का वं?”